हळद लागलेलं कार्ड

“पोरी, लोकं आली!” रविवारी सकाळी बानूबाईचा फोन आला.

“अहो मावशी, मग छानच की! त्यासाठीच तर कार्डं छापली.”

“आगं, जेवायला आली!”

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडेच बघत राहिले. पलीकडून मेंढ्यांचं बें-बें आणि माणसांचा कालवा एकदमच ऐकू येत होता.

आळेफाट्याला आमचा छापखाना आहे. माझे सासरे उत्तमचंद यांची सगळी हयात लग्नपत्रिका छापण्यात गेली. मी सून म्हणून आले आणि व्हिजिटिंग कार्डं सुरू केली. कार्ड कसं असावं, कसं द्यावं, यावर मी गिऱ्हाईकाला न विचारता भाषण देते. घरात त्यावरून माझी थट्टा चालते. चालू दे. लोक कार्ड छापतात आणि ड्रॉवरमध्ये सडवतात, ते मला बघवत नाही.

बानूबाई मूळची लोणीची. पण वर्षातले बरेच महिने तिचं घर घोडीच्या पाठीवर असतं. तिचा नवरा सोनबा मेंढ्यांमागे चालतो आणि बाकीचा संसार ही चालवते. नव्या रानात पोचलं की घोडी सोडायची, मेंढ्यांभोवती जाळी लावायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि कुणी पाणी मागायच्या आत चहा टाकायचा. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर ती खुर्चीला टेकून खाली फरशीवर बसली.

“तो बोरवाला हाय ना,” ती म्हणाली, “त्येचं कार्ड घरोघरी भित्तीला खोचलंय. काय बिघडलं की लोक त्येलाच बोलावत्यात. आमाला का कुणी बोलवंना?”

पूर्वी या भागातले शेतकरी धनगरांना शोधत यायचे. मेंढ्या रात्रभर वावरात बसवल्या की लेंडी आणि मूत थेट मातीत मुरतं. त्याबदल्यात मालक धान्य देतो, पैसे देतो. आता फोन केला की कोंबडखताची ट्रॉली दारात उभी राहते. चाकणला कंपनीत असलेल्या गोरक्षनं, म्हणजे बानूबाईच्या मुलानं, आईबापाला बजावलं होतं की यंदा वावरं मिळाली नाहीत तर मेंढ्या विकून टाकायच्या. सोनबाचे गुडघे गेलेले, त्यानं मान डोलावली. पुढच्या सोमवारी व्यापारी येणार होता.

“मेंढ्या गेल्या तर मी कोण गं?” तिनं मला विचारलं. मी कॉम्प्युटर सुरू केला.

कार्डाचा रंग तिला भंडाऱ्यासारखा पिवळा हवा होता. दिला. कडेला लाल रेघ हवी होती. दिली. वर खंडोबाचं नाव हवंच होतं. मी कुरकुरले, पण ‘श्री खंडोबा प्रसन्न’ टाकलं. खाली ‘शेतात मेंढ्या बसवून मिळतील’ आणि फोन नंबर. पत्ता काय टाकणार? तिला रोज नवं रान.

मग मी माझं भाषण दिलं. “मावशी, कार्ड नुसतं हातात कोंबायचं नाही. मान देऊन द्यायचं. दोन्ही हातांनी द्यायचं, समोरच्याचं नाव घ्यायचं. आणि तुम्ही रविवारी कुठं असाल ते सांगून आवर्जून बोलवायचं, म्हणजे लोक येऊन मेंढ्या बघतील.”

“मान देऊन,” ती पुटपुटली. “ते मला येतं की.”

हे ऐकून मी खूश झाले. किती खूश, ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

रविवारी तो फोन ठेवला आणि स्कूटीवरून बोरी बुद्रुकला, बानूबाई उतरली होती त्या नदीकाठच्या रानात पोचले. बांधाला मोटारसायकलींची रांग. दोन ट्रॅक्टर. जरीच्या साड्या नेसलेल्या बाया, कडक टोप्या घातलेले पुरुष, प्रत्येकाच्या हातात पिशवी. मधोमध सोनबा घोंगडी खांद्यावर घेऊन खांबासारखा उभा. तो बायकोला हळूच विचारत होता, “आगं, लगीन कुणाचं हाय?”

बानूबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. चुलीवर एकच पातेलं, परातीत दोघांपुरतं पीठ.

“कार्ड देताना काय केलंत मावशी?” मी विचारलं.

“तू सांगितलं तसंच. हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, अक्षता दिल्या. मान देऊन द्यायचं म्हंजी आनखी कसं देत्यात?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याच दुकानात ‘कार्ड छापायचंय’ म्हटलं की सासरे लग्नाची तारीख विचारतात! पिवळा कागद, लाल रेघ, वर देवाचं नाव. हळद लावून हातात अक्षता पडल्यावर खालचा मजकूर कोण वाचतो? माणूस फक्त कधी आणि कुठं एवढंच विचारतो. तेही हिनं चोख सांगितलं होतं.

आळ्याचे गेणभाऊ पुढे आले. घरातलं शुभकार्य असो की भावकीतलं भांडण, पुढे व्हायचा मान त्यांचा. “सोनबा, गोरक्षाची सुपारी फोडताय का राव? मांडव दिसंना, आचारी दिसंना.”

“भाऊ, जरा ते कार्ड वाचता का?” माझा आवाज चिरका निघाला.

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “शेतात... मेंढ्या... बसवून मिळतील.” पुन्हा एकदा वाचलं.

“मंग अक्षता कशापायी दिल्या?” मागून एक बाई ओरडली. “बोलावून उपाशी धाडता व्हय?”

“मानानं द्यायला हिनं सांगितलं,” बानूबाई म्हणाली, आणि सगळं गाव माझ्याकडे वळलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बानूबाईनं मात्र पातेल्यात मेंढीचं दूध ओतलं. “चहा घेतल्याबिगर कुणी जायाचं न्हाई,” ती म्हणाली. शेजारच्या वस्तीवरून कपबश्या आल्या. दोन बाया आपणहून चुलीपुढे बसल्या. राग असा चहाबरोबर हळूहळू खाली गेला.

निघताना गेणभाऊंनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली.

“कारण न्हाई, काय न्हाई, आहेर कसा घ्यायचा?” बानूबाई मागे सरली.

“घरातनं निघालेला आहेर माघारी न्यायचा नसतो. घ्या.”

मग तिनं पदर पसरला. साड्या, खण, टोप्या, नारळ येत गेले आणि पदर जड झाला.

“आहेर घेतला तर फेडायलाबी पायजे,” ती मोठ्यानं म्हणाली. “ज्येनं ज्येनं आहेर केला, त्येच्या वावरात एक रात मेंढ्या बसत्याल. फुकाट.”

“फुकट?” मी किंचाळलेच. माझ्या सगळ्या भाषणांत हे कुठंच नव्हतं.

सोनबाला धक्का बसला तो वेगळाच. “आगं येडी का काय तू! उद्या व्यापारी यायचाय.”

“लोकांचा आहेर अंगावर ठिवून मेंढ्या इकायच्या? तोंड कुटं दाखवायचं?”

सोनबानं तिच्या भरलेल्या पदराकडे बघितलं. मग बांधापासून रस्त्यापर्यंत उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. शेवटी त्यानं गेणभाऊंची नवी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि खाली पडलेली काठी हातात घेतली.

“गेणभाऊ,” तो म्हणाला, “तुमचं वावर कंच्या अंगाला हाय?”