तिसऱ्या हाकेपर्यंत

शनिवारी सकाळी मी दिवसभराची कामं लिहून काढते. त्या शनिवारी सगळ्यात खाली लिहिलं होतं, मामंजींशी बोलणे. बाकीचं सगळं दुपारपर्यंत उरकलं. रताळी धुऊन टोपलीत काढली, शेकोटीची लाकडं ओली नाहीत ना ते पाहिलं, गाडीतल्या बाकांवरची धूळ पुसली, कंदिलांच्या काचा राखेनं घासल्या. ते एक काम मात्र तसंच राहिलं. लहान कामं पटापट होतात. हे लहान नव्हतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या आगगाडीतल्या भुताच्या गोष्टी तेच सांगतात, आणि आजची गोष्ट शेवटची, एवढं मला त्यांना सांगायचं होतं.

आमच्या गावात खरी रेल्वे कधी आलीच नाही. नवऱ्यानं एका साखर कारखान्याच्या आवारात गंजत पडलेलं छोटं इंजिन आणि उसाच्या दोन वाघिणी भंगारातून आणल्या. वाघिणींवर छप्पर घातलं, आत बाकं बसवली, इंजिनाच्या पोटात ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं आणि भातखाचरांच्या कडेनं जांभळाच्या झाडापर्यंत रूळ टाकले. धुरांड्यातून धूर दिसावा म्हणून आत गोवऱ्या पेटवून ठेवतो. रस्त्यावरच्या फलकावर ‘हेरिटेज ट्रेन’ असं लिहिलंय. हिंजवडीतली कुटुंबं शनिवारी येतात. आठवडाभर कंपनीच्या गाडीत तासन्‌तास अडकून बसलेली माणसं आमच्याकडे येऊन हौसेनं पुन्हा गाडीत बसतात, याचं मला अजून नवल वाटतं. संध्याकाळी फेरी, जांभळाखाली गोष्ट, मग शेकोटी आणि जेवण. 

आधीच्या आठवड्यात एका वडिलांचा फोन आला होता. त्यांचा मुलगा रात्रभर झोपला नव्हता. “फॅमिली घेऊन येतो हो आम्ही, आणि तुम्ही बाळंतिणीची भुतं सांगता?” त्यांचं चूक नव्हतं. मी मामंजींना म्हटलं, “रक्त नको, मढं नको, विहीर नको. घरातल्या सगळ्यांना चालेल असं काहीतरी सांगा.”

ते म्हणाले, “मरान न्हाई म्हनतीस. मग भूत काय पडसं हून झालं म्हनून सांगू?”

मला हसू आलं, पण प्रश्न सुटला नाही. पुण्यात कोणीतरी तयार गोष्टी ध्वनिमुद्रित करून देतं असं कळलं होतं. घुबडाचा आवाज, वारा, मधूनच मंजूळ हसू. स्पीकर लावला की झालं. दर शनिवारी तेच, तेवढंच, कोणाचा फोन यायला नको. मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

अडचण एवढीच की सासूबाई गेल्यापासून मामंजी बोलायचे ते शनिवारीच. बाकी आठवडा ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यांवर भागायचा. गुरुवारपासून मात्र अंगणात त्यांच्या येरझारा सुरू व्हायच्या, ओठ हलायचे. ह्या शनिवारी काय सांगायचं ते जुळवत असायचे. ते मला दिसत होतं, म्हणून बोलणं राहून जात होतं.

संध्याकाळी पाहुणे आले आणि हाका सुरू झाल्या. “मॅडम, चार्जिंग कुठे?” “ताई, पाणी उकळलेलं आहे ना?” “काकू, तुमचा कुत्रा चावतो का?” “अगं, कंदील कुठं ठेवलेस?” हा शेवटचा नवरा. कंदील त्याच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेले होते. मी प्रत्येक हाकेला “आले, आले” म्हणत फिरत होते. पाय भरून आले होते.

गाडी जांभळाखाली थांबली. लांब धरणाचं पाणी अजून थोडं उजळ दिसत होतं. मामंजी इंजिनाच्या पायरीवर बसले, आणि माझ्या अटी पाळून त्यांनी गोष्ट सांगितली. त्यात कोणी मेलं नाही. दिवेलागणीनंतर रानात कोणी नावानं हाक मारली तर काय करायचं, एवढंच होतं.

“पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. दुसरीला बी न्हाई. माणूस आसंल तर तिसरी मारतंय. भुताला तिसरी हाक जमत न्हाई. दोन झाल्या की त्याचा दम सरतोय.”

“आणि दोन भुतं असली तर?” एका मुलीनं विचारलं. सहा-सात वर्षांची असेल, पुढचे दात पडलेले.

“म्हनून तर एकाच गळ्यातनं तीन याया पायजेत. हितनं एक, तितनं एक, आसलं धरायचं न्हाई.”

मुलीनं मान डोलावली. मी मनात म्हटलं, छान, रक्त नाही, मढं नाही, कोणाचा फोन येणार नाही.

गाडी परत आली. शेकोटी पेटली, रताळी निखाऱ्यात घातली, इंद्रायणीचा भात आणि पिठलं तयार झालं. मी मुलांना जेवायला बोलावलं. एकही मूल हललं नाही. एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होती. मला वाटलं, भूक नसेल. मी एकेकाच्या हातात ताट दिलं. एक ताट उरलं.

दात पडलेली मुलगी नव्हती.

तिची आई उठली, तिच्या घरच्या नावानं तिनं हाक मारली. उत्तर नाही. मी लगेच माणसं वाटून दिली. वडिलांना फाटकाकडे, नवऱ्याला बांधावर, एका काकांना मोटारींकडे. मी स्वतः नळ, संडास, गोठा आणि गाडीची शेड घेतली. अशा वेळी वेळ घालवायचा नाही, एका जागी एक हाक, कान देऊन ऐकायचं, पुढची जागा. शेडमध्ये बॅटरी फिरवली, दोन्ही डबे रिकामे दिसले, हाक मारली, पुढे गेले. चारी बाजूंनी तिचं नाव ऐकू येत होतं. आईनं आणखी एकदा हाक मारली आणि पुढे तिचा आवाजच फुटेना. खाली पाण्याच्या दिशेला ती बघत होती. मीही तिकडेच बघत होते, आणि बघायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात शेडमधून मामंजींचा आवाज आला. सावकाश, शेळ्यांना बोलवावं तसा. त्यांनी मुलीचं नाव घेतलं. थांबले. पुन्हा घेतलं. थांबले. आम्ही धावत शेडपाशी पोचलो तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं.

“ओ!” मागच्या डब्यातल्या बाकाखालून आवाज आला.

ती रांगत बाहेर आली. फ्रॉकला धूळ लागलेली, चेहरा एकदम शहाणा. आईनं तिला ओढून उचललं. “अगं, आम्ही केवढं ओरडतोय! ऐकू येत नव्हतं?”

“येत होतं. पण सगळे एकेकदाच मारत होते.” मग आईच्या गालावर हात ठेवून ती म्हणाली, “तू दोनदा मारलीस. मी तुझ्या तिसरीची वाट बघत होते.”

आई रडली, मग चिडली. तिनं चिडायलाच हवं होतं. “आजोबा, लहान मुलं खरं मानतात हो! हे असलं काही सांगू नका प्लीज. खाली धरण आहे इथे!”

मामंजींनी हात जोडले. “चुकलं माझं, बाई.”

जेवणं झाली. रताळी सोलताना बोटं भाजली म्हणून मुलं ओरडली, मोठी माणसं हळूहळू हसायला लागली. गाड्या निघताना ती मुलगी वडिलांचा हात सोडून मामंजींकडे आली. “आजोबा, चौथी हाक आली तर कोण असतं?”

ते तिच्या आईकडे बघत राहिले. आईनं उसासा टाकला. “सांगा आता. नाहीतर घरापर्यंत मला विचारेल.”

“चौथी आली तर आईच आसती,” मामंजी म्हणाले. “रागावलेली.”

आई हसली की नाही ते अंधारात दिसलं नाही. गाडीचं दार मात्र हळू लागलं.

सगळे गेल्यावर मी शेकोटीपाशी बसले. सकाळपासून पहिल्यांदा बसले होते. मामंजी पलीकडे काठीनं निखारे सारत होते.

“सूनबाई, म्होरल्या शनवारपासनं म्या न्हाई सांगत. पोरगी धरणाच्या पान्यात गेली आसती तर?”

माझं काम त्यांनीच करून टाकलं होतं. मी फक्त “बरं” म्हणायचं होतं. मला ते पाच दिवसांनी कसे दिसतील ते दिसलं. गुरुवार, रिकामं अंगण, येरझारा नाहीत. आणि शनिवारी जांभळाखाली घुबडाचा तयार आवाज.

“सांगा तुम्ही,” मी म्हटलं. “फक्त शेवटी एक वाढवा. गाडीतून उतरलं की नियम संपला. खाली उतरल्यावर पहिल्याच हाकेला ओ द्यायची. आणि उतरताना मी मुलं मोजून घेईन.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजी भूत रुळावरच ठिवायचं.”

“रुळावरच.”

“जमंल.” मग काठी थांबवून म्हणाले, “पर आईची हाक गाडीत बी खरी. ते बी घालतो.”

स्वयंपाकघरातून नवऱ्यानं हाक मारली. “अगं, पातेल्याचं झाकण कुठाय?” माझे हात सवयीनं गुडघ्यांवर टेकले, उठायला. 

“बस,” मामंजी म्हणाले. “एकच झाली.”

मी बसले. दुसरी हाक आली, जरा मोठ्यानं. मामंजींनी मान हलवली. आम्ही दोघं निखाऱ्यांकडे बघत राहिलो. आत भांडी वाजली, कपाट उघडलं, बंद झालं.

तिसरी आली नाही.