पेट्रोलची धार

जीप बंद पडली की मी वहीत चार गोष्टी लिहीत असे: दिवस, जागा, गिअर, आणि फडकं ओलं होतं की कोरडं. खान्देशच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळतं, मग पंप ते ओढू शकत नाही. म्हणून जो तो पेट्रोलपंपाला, म्हणजे इंजिनाला चिकटून बसवलेल्या त्या मुठीएवढ्या पंपाला, ओलं फडकं गुंडाळायचा. आम्हीही गुंडाळत होतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात आमचं लहानसं गॅरेज होतं. इंजिनं हे उघडत. सुटे भाग आणि याद्या माझ्याकडे. जीप ह्यांच्या काकांची. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. ते पहूरला राहत, केळी आणि कापूस करत. त्यांच्या पेट्रोल जीपचं इंजिन ह्यांनी वर्षभर खपून तेज केलं होतं. सिलिंडरचं बोअर वाढवलं, कॅमशाफ्ट बदलला, भंगारातल्या मोठ्या गाडीचा दोन तोंडांचा कार्ब्युरेटर बसवला. सपाटीला जीप अशी पळे की नाना दोन्ही हातांनी दांडा धरून बसत. पण अजिंठ्याच्या घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोन-तीन वळणांत इंजिन खोकून बंद.

नानांची लेक घाटावर दिलेली. एकदा ते गॅरेजमध्ये आले ते ठरवूनच.

"लेकीकडे जायचं म्हणजे व्याह्यांना आधी निरोप द्यावा लागतो, ढकलायला माणसं पाठवा म्हणून," ते म्हणाले. "धुळ्याच्या माणसाशी बोललो मी. डिझेल इंजिन बसवून देतो तो."

"नाना, एक संधी द्या," हे म्हणाले.

"दिली. पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे. तेवढी एक खेप. थांबली, की सोमवारी तुझं इंजिन खाली उतरलं."

त्या काळी सगळ्यांच्याच जिपा डिझेलवर जात होत्या, त्यामुळे नानांचं काही चुकत नव्हतं. पण ती सगळी दुपार हे धुतलेला कार्ब्युरेटर पुन्हा पुसत राहिले.

मी वही काढली. नऊ वेळा बंद पडली होती. त्यांतल्या चार वेळा थंडीच्या दिवसांत, सकाळच्या, फडकं ओलं असताना. म्हणजे उन्हाचा दोष नव्हता. नव्या कार्ब्युरेटरची भूक मोठी आणि पंप जुनाच, हे तिथे कळलं.

आता पंप निवडायचा. माझ्या माहेरी विहिरीवरचा पंप घेताना वडील पहिल्यांदा हेड विचारायचे, पाणी किती उंच चढवायचं ते. घाट म्हणजे चढण, म्हणून मीही यादीच्या पहिल्या ओळीत लिहिलं: जोर. जळगावात सगळ्यांत कडक स्प्रिंगचा जो पंप मिळाला, तो आणला. इंजिन सुरू केलं आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली गळायला लागलं. दाब इतका, की आतली, पेट्रोल अडवणारी सुई भोकात टेकेचना. नाना बघतच होते.

"सूनबाई, घाटाचं राहू दे. गॅरेजमधून तरी बाहेर काढा."

बुधवारी मी एसटीने धुळ्याला गेले. पिशवीत जुना पंप, नवा पंप आणि यादी. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात एक म्हातारे बसत, त्यांना सगळे आबा म्हणत. ते अहिराणीतच बोलत.

"काय शे अक्का पिशवीमा?"

मी यादीच पुढे केली. ती वाचून ते हसायला लागले.

"बठ्ठी यादी चांगली शे. पण इतला जोर काय कराले जोयजे? विहिरवर बसाडना शे का?"

"घाट चढायचाय," मी जरा रागानेच म्हणाले.

"घाट गाडी चढस, अक्का. पेट्रोलले ते हातभरच चढनं शे. जोर नई, धार पाहा."

मला माझीच लाज वाटली. टाकी सीटखाली, पंप इंजिनाला. त्यात कसलं आलंय हेड? तिथेच बाकावर बसून यादी नव्याने लिहिली. धार, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल येतं ते: दुप्पट. जोर: जुन्या पंपाइतकाच. पंप हलवणारी दांडी: जुन्यासारखी, नाहीतर इंजिनाच्या कॅमवर बसणार नाही. शेवटची ओळ आबांनी सांगितली: टाकीपासूनची नळी जाड हवी, नाहीतर मोठा पंप नुसताच ओढत बसेल. त्यांनी आतला, पेट्रोल ढकलणारा पडदा मोठा असलेला एक जुना पंप शोधून दिला. पुठ्ठ्यावर दोन्ही दांड्या ठेवून मी पेन्सिलीने आखून पाहिल्या. रेघ रेघेवर बसली.

गॅरेजमध्ये आम्ही आधीच पंपाची नळी सरबताच्या रिकाम्या बाटलीत सोडून, इंजिन संथ चालवून मोजलं होतं. जुना पंप मिनिटाला अर्धी बाटली देत होता. या पंपाने, जाड नळीवर, मिनिट संपायच्या आत बाटली भरली. कार्ब्युरेटर कोरडा राहिला. हे खाली वाकून बराच वेळ बघत होते, गळतंय का म्हणून.

रविवारी पहूरहून निघालो. नाना पुढे बसले. पायाशी पाण्याचा डबा, त्यात फडकं भिजत घातलेलं. फर्दापूर मागे पडलं आणि ह्यांनी ॲक्सिलरेटर तळाला नेला. मी मागच्या सीटवर वही उघडून वळणं मोजत होते. तिसऱ्या वळणाला नानांनी फडकं पिळून हातात घेतलं. पाचव्याला ते अर्धवट उठून बसले. जीप आवाज न बदलता चढत राहिली. वर सपाटी लागली तरी त्यांच्या हातात फडकं तसंच होतं.

त्यांनी त्याच फडक्याने तोंड पुसलं, मान पुसली आणि ते डब्यात टाकलं.

"सूनबाई, तुझ्या वहीत लिही," ते म्हणाले. "सोमवारी धुळ्याच्या त्या माणसाला नको म्हणून कळवायचं."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं.