लाल कपड्यावर नजर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कपड्याकडे बघतात. जिन्यात भेटल्या की ओढणीचं टोक चिमटीत धरून विचारतात, "अजून किती वर्सं घालणार?" त्या चिंध्यांच्या गोधड्या शिवतात, आणि त्याही फक्त लाल. किरमिजी, डाळिंबी, विटकरी, आहेरातल्या ब्लाउजपीसचा भडक लाल, सगळं चालतं. निळा तुकडा आला तर त्याचं पायपुसणं होतं. "लालमधी थंडी शिरत न्हाई," म्हणतात. इथे आमच्या नावडे गावात थंडी मुळात येतच नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

मागच्या महिन्यात सकाळी वाळत घातलेला माझा नवा लाल कुर्ता उडून त्यांच्या ग्रिलवर पडला. संध्याकाळी मागायला गेले, तर कुर्ता गोधडीत जाऊन बसलेला, खिशासकट.

"मावशी, नवा होता तो."

"मग टिकंल की," सुई न थांबवता त्या म्हणाल्या. मग त्यांनी भाकरीचा तुकडा त्या खिशात घातला आणि खिसा शिवून टाकला. गोधडी पुरी होताना तिला घास द्यायचा, उपाशी गोधडी ऊब देत नाही, अशी त्यांच्या गावची रीत. दोरा दातांनी तोडून त्यांनी गोधडीची घडी माझ्या हातात ठेवली.

"ने. तुजाच कुर्ता हाय."

मी भांडायचं विसरून वर आले. आता फुल पंखा लावून तीच पांघरून झोपते.

काल नवऱ्याचा लाल टी-शर्ट वाळत घातला. चिमटे मुद्दाम लावले नाहीत.