बंगल्याच्या किल्लीची पाळी

आमच्या भाड्याच्या खोलीसमोर इंग्रजांच्या काळातल्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला आहे. चाकणच्या कंपन्या गावाच्या अंगणापर्यंत आल्या, तरी गावाने तो जपला. कुलूप एक, किल्ली एक. ती रोज संध्याकाळी एका घरातून पुढच्या घरात जाते. ज्याची पाळी, त्याने दुसऱ्या दिवशी बंगला उघडायचा, झाडायचा, आणि दिवस मावळताना किल्ली शेजारी द्यायची. आम्ही बीडकडून आलेलो. अकरा वर्षं ती किल्ली आमचं दार टाळून पुढे जायची. बायकोला ते फार लागायचं. मला मात्र संशय यायचा. एवढी सागवानी दारं, पितळी बिजागऱ्या, आणि कुठे कसली नोंदच नाही? यात कुणाचं तरी उखळ पांढरं होत असणार, याची मला खात्री होती.

मग एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी किल्ली घेऊन दारात आल्या.

"घ्या. उद्याची पाळी तुमची. गावानं ठरवलंय, इतकी वर्सं हायेत, आता काय परकी न्हाईत."

बायकोने किल्लीला हळद-कुंकू लावलं. माझ्या मनात भलतंच. आत्ताच का? आतलं काहीतरी गेलं असणार आणि आळ घ्यायला भाडेकरू हवा असणार! कंपनीत मी असाच पोळलो होतो. शिफ्ट बदलताना सहीशिवाय चार्ज घेतला, मोजमापाचं एक हत्यार आधीच गायब होतं, आणि कंत्राटी म्हणून नाव माझं आलं.

बायकोला "जरा बघून येतो" म्हणालो आणि मावशींना घेऊन बंगल्यात गेलो. दारं मोजली, खुर्च्या मोजल्या, तडकलेल्या काचेचा फोटो काढला. सगळ्याची यादी केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"मावशी, इथं सही करा. कंपनीत चार्ज असाच देतात."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "माझ्या सासूनं किल्ली दिली तवा सही न्हाई मागितली. मी बी कुणाला न्हाई मागितली."

तरी त्यांनी सही केली, एकेक अक्षर जुळवत. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. आपण फार शहाणे, असंच तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने सुट्टी टाकून बंगला लखलखीत केला. सगळं यादीप्रमाणे होतं, एक कडीसुद्धा कमी नव्हती. मला त्याचीही शंकाच आली.

गावातली सगळी घरं फिरून पाळी पुन्हा आमच्याकडे यायची होती. त्या दिवशी बायको दुपारपासून दारात बसून होती. संध्याकाळी मावशी किल्ली घेऊन निघाल्या. आमच्यापाशी थांबून "जेवलीस का गं?" असं तिला विचारलं, आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

मी मान खाली घातली. मला कारण ठाऊक होतं, तिला नव्हतं.

"मागच्या खेपेला माझाच एखादा कोपरा झाडायचा राहिला असेल," ती म्हणाली.

मी "असेल" म्हणालो.