पंचनाम्याआधी

माझं पोहणं विहिरीतलं. आमचं गाव भातकुलीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींना पाणी असतं, पण ते पिकालाही चालत नाही आणि पिण्यालाही नाही. त्यामुळे त्यात डुंबणाऱ्या पोरांना कुणी हाकलत नसे, हा त्या पाण्याचा एकमेव उपयोग. चुलत्यानं माझ्या कमरेला दोर बांधून मला आत सोडलं आणि वर बसून विडी पेटवली. विडी संपेपर्यंत मला तरंगता येत होतं. पुढे कुणाची बादली पडली, मोटारीचा पाइप सुटला की मला बोलावणं यायचं. छातीत हवा भरायची, दात आवळायचे, तळ गाठायचा, काम उरकायचं आणि तळाला लाथ मारून सरळ वर यायचं. एवढीच माझी विद्या.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या बातम्यांत झळकू लागलं, पत्रकार भाड्याच्या गाड्या करून यायला लागले, आणि मला बादल्यांऐवजी माणसांसाठी बोलावणं येऊ लागलं. कोण पाय घसरून पडलं आणि कोण आपणहून गेलं, हे मी विचारत नसे. चुलत्यानं त्याचीही रीत शिकवली. "मांगून धराचं. काखेत हात घालाचा. तोंड आपल्याकडं येऊ द्याचं नाही, नाही तं ते झोपीत येते." वर आणलं की काठाशी, पाण्यातच धरून ठेवायचं. पंचनाम्याआधी बाहेर काढायचं नाही. पोलीस पाटील ठाण्याला कळवणार, ठाण्यातून जमादार येणार, तो वाकून बघणार, मग वरून दोर सुटणार. तोपर्यंत मी पाण्यात, एक हात कपारीत आणि एक हात त्या माणसाच्या काखेत. घरी आलो की आई अंगणातच कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची आणि त्या दिवशी मला कुणी काही काम सांगत नसे. एकदा एक फोटोवाला उशिरा पोचला. प्रेत गेलेलं होतं, म्हणून त्यानं मला पुन्हा उडी मारून दाखवायला सांगितली. मी मारलीही. त्याला आवडली नाही, दुसऱ्यांदा मारायला लावली.

बी.ए. झालो. पोलीस भरतीत धावण्यात मागे पडलो. अमरावतीच्या जलतरण तलावावर ओळखीच्या एकानं सांगितलं की मालवणकडे पोहणारी पोरं हवी आहेत, पर्यटकांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणायला. आधी शिकवतात, परीक्षा घेतात, पास झालास तर गाइड. घरी सांगितलं तर वडील माझ्याकडे बघतच राहिले.

"पान्याच्या खाली काय हाय पाहासारखं? आन् त्याचे लोकं पैसे देतेत?"

"देतेत, बाबा."

"मंग लोकायले काई काम नसन."

मला मात्र त्या नोकरीत एकच गोष्ट दिसत होती. तिथं पाण्यात गेलेलं माणूस बडबड करत बाहेर येतं. नापास झालो असतो तर परत गाव होतं, विहीर होती आणि बोलावणं होतं. मी नापास होणार नव्हतो.

पहिल्या दिवशी समुद्राचं पाणी तोंडात गेलं तशी बरोबर शिकायला आलेली पुण्याची पोरं थुंकायला लागली. मला काहीच वाटलं नाही, आमच्या विहिरीचंही साधारण असंच लागतं. मी मनात म्हटलं, इथं आपलंच राज्य. ते राज्य फार टिकलं नाही. स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. पाठीवर हवेची टाकी असते, तोंडात नळी असते, सारखं घेत राहायचं, सोडत राहायचं. दुसरा नियम, वर हळूहळू यायचं. श्वास रोखून झपकन वर आलात तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. म्हणजे माझी सगळी विद्या उलटी. पाण्यात डोकं गेलं की माझे दात आपोआप आवळले जायचे. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले, शांत माणूस. माझ्या तोंडासमोर बोट धरून खुणेनं विचारायचे, बुडबुडे कुठे आहेत? ज्यांना पोहताही धड येत नव्हतं ती पोरं माझ्या आधी शिकली, कारण त्यांना काही विसरायचं नव्हतं. त्यांचा मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

तरी तेही जमलं. मग बचावाचा सराव आला. त्यात सर स्वतः तळाशी निपचित पडून राहायचे, बेशुद्ध झालेला पर्यटक म्हणून. त्यांना शोधायचं, वर आणायचं, पाण्यातच उताणं करायचं, नाकातोंडाशी कान नेऊन श्वास बघायचा, नसेल तर तोंडानं श्वास देत देत होडीपर्यंत ओढत न्यायचं. होडीवर बसून सगळं दोनदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

माझी पाळी आली. सर मला सगळ्यांच्या आधी सापडले, त्यात नवल नाही. मी मागून गेलो. काखेत हात घातला. त्यांचं तोंड माझ्यापासून पलीकडे वळवलं. सावकाश वर आणलं, होडीच्या शिडीला एक हात धरला, दुसऱ्या हातानं त्यांना धरून ठेवलं आणि वर बघत राहिलो. सरांचं तोंड पाण्यात. नळी त्यांच्या तोंडात होती म्हणून बरं. होडीवरची पोरं काहीतरी ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं सर आपणच उलटले आणि नळी काढून म्हणाले,

"कुणाची वाट बघतोयस रे?"

मी म्हणालो, "पोलिसांची."

होडी हसून हसून हलायला लागली. पुण्याच्या एकानं पुढचे कित्येक दिवस मला जमादार म्हणून हाक मारली. सर हसले नाहीत. संध्याकाळी मला किनाऱ्यावर घेऊन बसले आणि विचारलं, हे तू कुठे शिकलास? मी सांगितलं. चुलत्याची रीत सांगितली, कडुलिंबाचं पाणी सांगितलं. मग जे घरीही कधी बोललो नव्हतो ते सांगितलं.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत होतं त्या घरातली वहिनी. मी शेतात दिसलो की भाकरीवर ठेचा घालून हाक मारायची, नको म्हटलं तर शिव्या द्यायची. उन्हाळ्याचे दिवस होते. ती विहिरीकडे गेली आणि आली नाही, लगेच आरडाओरडा झाला, मी जवळच होतो. उडी घातली, मागून धरली, वर आणली. माझ्या हाताला तिचं अंग गरम लागलं. इतरांचं कधी लागलं नव्हतं. मी काठावर उभ्या असलेल्या पोलीस पाटलांना ओरडून सांगितलं की अंग गरम आहे. ते म्हणाले, "उनाचं पानी हाय, गरमच लागन. सायेब येईपर्यंत बाहेर काढू नोको." मी एकोणीस वर्षांचा होतो. मी धरून बसलो. जमादार आला तेव्हा ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं आणि ती गार झाली होती.

सर वाळूत बोटानं रेघा ओढत बसले. मग एवढंच म्हणाले, "डॉक्टर सांगेपर्यंत पाण्यातलं माणूस जिवंतच धरायचं. उद्या परत करू."

त्या रात्री मला सगळ्यांचा राग आला. गावाचा, ठाण्याचा, चुलत्याचा. सुट्टीला आलेल्या माणसानं रंगीत मासे बघावेत म्हणून इकडे पोरांना महिनोन्‌महिने शिकवत होते की बुडालेल्याचं तोंड वर कर, त्याला श्वास दे. आमच्याकडे प्रत्येक गावात विहिरी आणि प्रत्येक विहिरीशी गर्दी, पण एवढं सांगायला कुणी आलं नव्हतं. जे आले ते मोजायला आले आणि फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी मी सरांना तोंड वर करून आणलं, त्यांच्या नाकाशी कान नेला आणि तो ऊन श्वास कानाला लागला तसा मला रडू कोसळलं. डोळ्यांवर पाणबुड्याचा मुखवटा होता म्हणून कुणाला दिसलं नाही. मी पास झालो.

पहिल्या सुट्टीत गावी गेलो तर पोलीस पाटील त्यांच्या ओट्यावर बसलेले. आता पद मुलाकडे गेलेलं, हे नुसते बसून. मला बघून खरंच आनंदले, आत चहा सांगितला.

"समुद्रात मुडदे लय निंगत असतीन, नाही?"

"नाही, काकाजी. जित्ते लोकं नेतो, जित्तेच आनतो."

"आन् त्याची नोकरी हाय?" ते मनापासून हसले. "मजा हाय बाप्पा तुही."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला. मी ठरवून गेलो नव्हतो, पण तोंडातून निघून गेलं.

"काकाजी, बांधावरच्या वैनीले काढलं तवा मी म्हनलं होतं, आंग गरम लागून राहिलं. याद हाय का तुमाले?"

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. किंवा पुन्हा उन्हाचं सांगतील, आणि मी तेवढ्यावर चहा पिऊन उठेन, कारण मलाही तेच हवं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"हाय ना. तिच्या बोटाची हालचाल झालती जराशी. मी पाह्यली."

"मंग?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू शिकलेल्या माणसाला एवढंही कळत नाही.

"मंग काय? मेली म्हनून ठान्याले फोन होऊन गेल्ता ना."