स्वयंपाकघरातला ऑस्ट्रिया

दोस्तांना एकमेकांशी बोलू न देता दोस्ती शिकवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: नगरला सावेडीत आमच्या समोर राहणारे काका. आणि त्यांना मी ऐन लढाईत दगा दिला, हे आधीच कबूल केलेलं बरं.

लष्करी कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी शाडूचे सैनिक करून रंगवले. निळे नेपोलियनचे, हिरवे रशियन, पांढरे ऑस्ट्रियन. रविवारी दिवाणावर हिरवी चादर पसरली की रणांगण तयार. नेपोलियन व्हायला गल्लीत सगळेच उत्सुक, कारण त्याला कुणाला विचारावं लागत नसे. त्याच्याविरुद्धच्या दोस्त सेनापतींना मात्र काका वेगवेगळ्या खोल्यांत बसवत. "दोन राजे, दोन हट्ट! शेजारी बसून ठरवलंत तर मग लढाई कसली?" एकाचा निरोप दुसऱ्याकडे काकूंनी न्यायचा, तोही कपभर चहा संपल्यावरच. शिवाय दोन्ही देशांच्या सम्राज्ञी काकूच. त्यांच्या मंजुरीशिवाय हल्ला नाही. काकू शेवगावकडच्या. एकदा विजय अगदी हातात आलेला असताना त्या म्हणाल्या, "आज लढाई न्हाई. नळाला पाणी आलंय, आधी बादल्या भरा." काकांनी निमूट बादल्या भरल्या. राजधानीतून असेच हुकूम यायचे, म्हणाले.

काका कायम पंच. पुण्याला मुलाकडे कायमचं जाण्याआधीच्या रविवारी मात्र ते पहिल्यांदा स्वतः खेळायला बसले, रशियन सेनापती म्हणून. मी त्यांचा ऑस्ट्रियन दोस्त, स्वयंपाकघरात. काकू निरोप घेऊन आल्या, "पूल धरलाय, लवकर या म्हनत्यात."

मी गेलो नाही. आपली फौज शाबूत राखणाऱ्याला वेगळे गुण, हाही काकांचाच नियम. गुण मला मिळाले. खेळ संपल्यावर बाहेर आलो, तर पुलावर सगळे हिरवे आडवे.

"शाब्बास! अगदी खऱ्या मित्रराष्ट्रासारखा वागलास," काका हसले. मग सैनिक खोक्यात भरताना बराच वेळ पाठमोरेच राहिले.

ती पाठ पुढं वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी पुण्याला गेलो. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी थेट स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

"काकू, त्यांना सांगा, मी यायला हवं होतं. चुकलो. माफ करा म्हणावं."

काकूंनी आधी चहा टाकला. माझा कप रिकामा झाल्यावरच त्या बाहेर गेल्या, आणि परतल्या त्या पदरानं डोळे टिपत.

"पूल अजून धरलाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "या."