अंगठ्यात रुतलेलं नख

"बोट कापायचं नाहीये. नखाची फक्त एक कड काढायचीय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला तिथंच खुर्चीत रडू आलं. दुखत होतं म्हणून नव्हे. तीन महिने जे ऐकायची धास्ती घेतली होती, त्याच्या नेमकं उलट ऐकलं म्हणून.

मी वेरूळला गाईड आहे. राहते पडेगावला. दिवसभर पर्यटकांना घेऊन दगडी पायऱ्या चढायच्या नि उतरायच्या, हेच माझं काम. हिवाळा संपता संपता शहागंजच्या बाजारातून नवे बूट घेतले. दिसायला छान, पण पुढून निमुळते. आठवड्याभरात उजव्या अंगठ्याच्या कडेला ठणका लागला. मी नखाचा कोपरा ब्लेडनं खोलवर कोरून काढला. लई बरं वाटलं. पंधरा दिवसांनी तोच कोपरा पुन्हा टोचू लागला, मी पुन्हा कोरला. तिसऱ्या खेपेला बाजूचं मांस लालभडक होऊन फुगलं आणि मोज्याला पू लागायला लागला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गोळ्या चालू असेपर्यंत सूज कमी, संपल्या की हजर.

डॉक्टरकडं का गेले नाही, तेही सांगते. माझे वडील, अण्णा, माझ्याकडंच असतात. त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. मागं त्यांच्या पायाला जखम झाली, त्यांनी ती अंगावर काढली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर मी बसले होते. आता स्वतःच्या अंगठ्यातला पू बघितला की मला तेच बाकडं आठवायचं. मी घरातही मोजे घालून वावरायला लागले.

एका सकाळी दोरीवरच्या मोज्यावरचा डाग अण्णांना दिसला. ते रागावले नाहीत. पाय दाव म्हणाले. मी दावला. उद्या दवाखान्यात जायचं आणि मीही येणार, एवढंच बोलून ते आत गेले.

डॉक्टरबाईंनी अंगठा बघितला आणि आधी शुगर तपासायला सांगितली. रिपोर्टला तासभर लागणार होता. बाहेर गर्दी होती, आम्ही भिंतीकडंला बसलो. अण्णा खाली बघत हळूच म्हणाले, "शुगरनं माझं बोट बधिर झालेलं, दुखतच नव्हतं, माय. म्हणून मी गप बसलो, अन् ते गेलं. तुझं दुखतंय ना? मग तुझं चांगलंय."

शुगर नॉर्मल आली. त्यानंतर डॉक्टरबाईंनी सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य उच्चारलं.

या दुखण्याला इनग्रोन टोनेल म्हणतात, म्हणजे नखाची कड बाजूच्या मांसात घुसणं. शरीराला ती काट्यासारखी वाटते, म्हणून सूज आणि पू. कोपरा कोरला की तिथं मांस चढतं, आणि वाढणारं नख त्यातच शिरतं. म्हणजे ज्याला मी इलाज समजत होते, त्यानंच दुखणं वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पार्शियल नेल अव्हल्शन केलं. नखाची रुतलेली कड उभी कापून काढतात आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून मुळाला फिनॉल नावाचं औषध लावतात. अंगठा बधिर करायच्या दोन सुया मात्र जोरात दुखल्या, खोटं कशाला सांगू. पुढं काहीच कळलं नाही. अर्ध्या तासात पट्टी बांधून मी बाहेर आले.

काही आठवडे जखमेतून थोडं पाणी सुटत होतं. फिनॉलनंतर ते चालतं, असं आधीच सांगितलं होतं. रोज ड्रेसिंग, पायात पुढून मोकळी सँडल. महिन्याभरानं मी कैलास लेण्याभोवतीची चढण चढून गेले, एकदाही न थांबता.

तुमचं नख नुसतं टोचायला लागलं असेल, तर कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवा, सैल चप्पल घाला, दोन-चार दिवस वाट बघा. ब्लेड हातात घेऊ नका. पू दिसला तर थेट डॉक्टर गाठा. शुगर असेल तर पू दिसायचीही वाट बघू नका. नख सरळ कापा, कोपरे गोल करू नका, फार आखूड ठेवू नका. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, आणि आत बोटं हलतात का ते बघा.

त्या डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच. अण्णांचे जास्त. आता संध्याकाळी चहा झाला की आम्ही दोघं ओसरीवर पाय पसरून बसतो. चष्मा एकच आहे. मी त्यांचे तळवे बघते, मग चष्मा त्यांच्याकडं देते आणि ते माझा अंगठा बघतात.